श्रोता उसाच्या फडावर आहे

बीड जिल्ह्यात गाणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंतांचा वारसा आहे. गहिनीनाथगडावर वामनभाऊंची आणि जिल्ह्याच्या सीमेवरच्या भगवानगडावर भगवानबाबांची कीर्तनपरंपरा आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात चाली म्हणणारे गायक आणि मृदंगावर हात बसलेली पोरं दरवर्षी तयार होतात. गोंधळी, वाघ्या-मुरळी, हलगीवाले, लग्नातली बँजो पार्टी, उरुसातली कव्वाली, तांड्यावरची बंजारा गाणी, चौदा एप्रिलला रात्रभर चालणारी भीमगीतं हे सगळं या अकरा तालुक्यांत आजही जिवंत आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या चमूने १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. महाराष्ट्रभरातून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांच्या त्या संग्रहातल्या ओव्या आज ‘परी’ या संकेतस्थळामुळे जगात कुठेही ऐकता येतात.

आज यातल्या बहुतेक तरुण कलावंतांकडे मोबाइल आहे, यूट्यूबवर स्वतःचा चॅनेल आहे, इन्स्टाग्रामवर खातं आहे. गाणं लिहिलं जातं, चाल लागते, तालुक्याच्या गावातल्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं, शेतात किंवा गडावर व्हिडिओ काढला जातो आणि एका संध्याकाळी गाणं चढवलं जातं. पहिल्या दिवशी भावकी ऐकते, दुसऱ्या दिवशी मित्र स्टेटसला ठेवतात आणि आठवडाभरात आकडा जागच्या जागी थांबतो. गाणं वाईट होतं म्हणून असं होत नाही. ज्यांना ते आवडलं असतं त्यांच्यापर्यंत ते गेलेलंच नसतं.

हे पुस्तक या मधल्या अंतराबद्दल आहे. स्वतःच्या खिशातले थोडे पैसे घालून, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर रीतसर जाहिरात करून, कंपनी किंवा लेबल पाठीशी नसलेला गायक आपला श्रोता कसा गाठू शकतो, ते यात सांगितलं आहे. या विषयावर जे काही वाचायला-पाहायला मिळतं ते बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत असतं आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुंबईतला नाहीतर परदेशातला गिटारवाला असतो. त्याचा श्रोता एका शहरात राहतो, कार्डाने पैसे भरतो आणि स्पॉटिफायवर गाणं ऐकतो. केज-धारूरच्या गायकाला त्यातला निम्मा सल्ला लागू पडत नाही आणि उरलेला निम्मा लागू पडला तरी कसा ते कोणी सांगत नाही.

आधी एक शंका दूर करायला हवी. आमच्याकडची जाणती माणसं मनापासून विचारतात की पैसे देऊन गाणं ऐकवायचं म्हणजे कलेचा कमीपणा नाही का? गाणं चांगलं असेल तर ते आपोआप पोचेल. मला हे कधीच पटलेलं नाही, कारण आपल्याकडे गाणं आपोआप कधीच पोचलेलं नाही. जलशांच्या काळापासून भीमगीतांच्या पुस्तिका गायकांनी, शाहिरांनी पदरमोड करून छापल्या आणि सभांमध्ये, जयंतीत, दीक्षाभूमीवर फिरून विकल्या. तमाशाचे फड आजही पाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या टाकतात, कारण गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. राहुटीचा खर्च फडमालक करतो. जीपवर भोंगा बांधून कार्यक्रम पुकारणारा माणूस रोजाने लावलेला असायचा. पुढे कॅसेटचा जमाना आला आणि गावाकडचा आवाज एसटी स्टँडवरच्या दुकानापर्यंत पोचला. पण कुणाची कॅसेट निघायची, किती प्रती काढायच्या, कव्हरवर कुणाचा फोटो लावायचा, हे कंपनीचा मालक ठरवायचा. एकरकमी पैसे घेऊन गायक घरी जायचा आणि पुढे ती कॅसेट लाखांनी खपली तरी त्याच्या हाती काही येत नसे. खर्च तेव्हाही कुणीतरी करतच होतं. ज्याने खर्च केला त्याच्या हाती गाण्याची सूत्रं गेली. आज दिवसाला शंभर-दोनशे रुपयांत गायक स्वतः जाहिरात लावू शकतो. माझ्या दृष्टीने या बदलातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

जाहिरातीशिवाय मोठं झालेल्यांची उदाहरणं अर्थातच आहेत आणि ती आनंदाची आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन वस्त्यावस्त्यांमध्ये बाबासाहेबांची गाणी म्हणायच्या. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पसरला आणि त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४मध्ये रील्सवरून मराठी न समजणाऱ्यांच्याही ओठांवर बसलं. अशी उदाहरणं समोर ठेवून आपली मुलं गाणं चढवतात आणि वाट पाहत बसतात. पण पाऊस पडेल या भरवशावर पेरणी करण्याचे हाल बीडकरांना कुणी वेगळे सांगायला नकोत. कडूबाईंचा आवाज असामान्य आहे आणि त्यांच्यामागे कित्येक वर्षांची पायपीट होती. संजू राठोडनेही आधी बरीच गाणी केली होती. व्हायरल होणं हा योग आहे. तो आला तर घ्यावा, पण त्यावर संसार उभा करता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. बीडच्या गायकाचा श्रोता नेमका कुठे आहे?

जाहिरात लावायला बसलं की ठिकाण विचारलं जातं. नवा माणूस ‘बीड’ टाइप करतो. नकाशावर एक निळं वर्तुळ उमटतं आणि किती किलोमीटरचं ठेवू असं विचारलं जातं. समजा चाळीस ठेवलं. वर्तुळात गेवराई येते, वडवणी येते, पाटोदा जेमतेम येतो. परळी बाहेर राहते, अंबाजोगाई बाहेर, आष्टी बाहेर, केज आणि माजलगावही बाहेर. म्हणजे जिल्ह्याचं नाव टाकूनही अर्धा जिल्हा सुटला. हे दुरुस्त करणं सोपं आहे. तालुक्याची गावं एकेक करून घालायची. पण खरी चूक वर्तुळाच्या आकारात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बीडचा मोठा श्रोतावर्ग बीडमध्ये नसतोच.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या आणि पार बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परत यायचं नसतं. कुणी डोकी सेंटरला, कुणी टायर सेंटरला, कुणी बैलगाडीवर. उसाच्या फडाजवळ माळावर कोप्या पडतात. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, गाडी भरून कारखान्यावर रिकामी होईपर्यंत कधी रात्र होते. बहुतेक कोप्यांवर वीज नसते, फोन कुणाच्या टपरीवर चार्जिंगला द्यावा लागतो. पण फोन असतो. रात्री भाकरी झाल्यावर चार-पाच जण एका फोनभोवती बसतात, गावाकडच्या सप्ताहाचं कीर्तन लावतात, जयंतीची जुनी गाणी लावतात, गावच्या यात्रेचा व्हिडिओ पाहतात. गावापासून शेकडो मैल दूर बसलेल्या माणसाला गावाकडच्या आवाजाची जितकी ओढ असते तितकी गावात राहणाऱ्यालाही नसते. हा बीडच्या गाण्याचा सगळ्यात आतुर श्रोता आहे आणि नकाशावरच्या निळ्या वर्तुळात तो नाही.

ऊसतोडीला न जाणारेही बाहेरच आहेत. चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत कंत्राटी काम करणारी पोरं, पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली, मुंबईत पहारेकरी आणि चालक झालेले बाप्ये. हे सगळे आपलेच आहेत. म्हणून या पुस्तकात मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगणार आहे. जाहिरात जिल्ह्याला लावू नका, जिल्ह्यातल्या माणसाला लावा, आणि तो जिथे जाईल तिथे ती त्याच्यामागे जाऊ द्या.

हे करता येतं, आणि त्यासाठी मोठं ज्ञान लागत नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ज्यांनी तुमचा व्हिडिओ अर्धा, पाऊण किंवा जवळजवळ पूर्ण पाहिला अशा माणसांची यादी बनवून ठेवायची सोय आहे. त्या यादीला कस्टम ऑडियन्स म्हणतात. नावं आपल्याला दिसत नाहीत, पण त्या माणसांना पुन्हा जाहिरात दाखवता येते. ही यादी माणसाच्या खात्याशी बांधलेली असते, गावाशी नाही, आणि ती ३६५ दिवसांपर्यंत टिकवता येते. आता पावसाळ्याचा विचार करा. आषाढ ते भाद्रपद सगळे गावी असतात. शेतात खुरपणी चालू असते, सप्ताह असतात, पोळा असतो, गणपती असतात. या काळात जिल्ह्यातल्या तालुक्यांवर थोड्या पैशांत जाहिरात चालवायची आणि ज्यांनी गाणं मनापासून ऐकलं त्यांची यादी भरत न्यायची. दिवाळीनंतर ठिकाण मोकळं करायचं, आख्खा महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक घ्यायचा आणि नवं गाणं फक्त त्या यादीला दाखवायचं. पावसाळ्यात शिरूर कासारला ज्याने तुमचं गाणं पाऊणभर ऐकलं, त्याच्यापर्यंत ते जानेवारीत शिरोळच्या फडावर पोचतं. वेळही ठरवता येते. जाहिरातीचं बजेट रोजचं न ठेवता एकूण मुदतीचं ठेवलं की ठरावीक तासांतच जाहिरात चालवण्याचा पर्याय मिळतो. फडावरच्या माणसासाठी रात्री आठ ते दहा. दिवसा त्याचा फोन कोपीत किंवा टपरीवर असतो आणि आपले पैसे भलत्याच माणसावर खर्च होतात.

यादी पुरेशी मोठी झाली की तिच्यासारखी माणसं शोधून दे असंही यंत्रणेला सांगता येतं. त्याला लुकअलाइक म्हणतात. इथे मात्र मी सावध राहायला सांगेन. मूळ यादी खऱ्या श्रोत्यांची असेल तरच तिच्यासारखी माणसं उपयोगाची. यादीत फुकटचे बघे भरले असतील तर यंत्रणा आणखी फुकटचे बघे आणून देते.

फुकटचे बघे कसे येतात हे समजलं की निम्मे पैसे वाचतात. पोस्टखाली ‘बूस्ट’ असं निळं बटण असतं. घाईत ते दाबलं जातं, ठिकाण ‘भारत’ राहतं, भाषा रिकामी राहते. यंत्रणेला सांगितलेलं असतं की जास्तीत जास्त लोकांना दाखव. ती प्रामाणिकपणे तेच करते आणि जिथे दाखवणं सगळ्यात स्वस्त पडतं तिथे दाखवते. दोन दिवसांत आकडा हजारोंत जातो, गायक खूश होतो. मग तपशील उघडला तर बघणारे तिसऱ्याच राज्यातले निघतात, मराठीचा एक शब्द न समजणारे, दोन-तीन सेकंद थांबून पुढे गेलेले. म्हणून आकडा पाहायचा तर तो बघण्याचा नको, टिकून ऐकण्याचा पाहावा. मेटावर थ्रूप्ले नावाचं माप आहे. व्हिडिओ किमान पंधरा सेकंद पाहिला गेला, किंवा त्याहून छोटा असेल तर पूर्ण पाहिला गेला, की तो धरतात. पंधरा सेकंद हे गाण्याच्या दृष्टीने काहीच नाही, तरी तीन सेकंदांपेक्षा बरं. त्याहून बरा आकडा म्हणजे किती जणांनी गाणं शेअर केलं आणि किती जणांनी सेव्ह केलं. आपल्याकडे तर शेअर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या भावकीच्या ग्रुपवर गेलं, आणि तिथून पुढे ते कुठे जाईल याचा हिशेब कुठल्याच यंत्रणेकडे नाही.

यूट्यूबचे नियम वेगळे आहेत आणि ते नीट कळायला हवेत. गुगल अ‍ॅड्समधून गाण्याची जाहिरात केली तर जाहिरातीतले बघणारे चॅनेलच्या आकड्यात धरले जातात. पण व्हिडिओंवरच्या जाहिरातींतून कमाई सुरू होण्यासाठी जे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास लागतात, त्या तासांत जाहिरातीतून आलेले तास धरले जात नाहीत. पैसे ओतून तास भरता येतील या समजुतीत कितीतरी मुलांनी घरचे पैसे घालवले आहेत. मोठ्यांनाही यूट्यूबने या बाबतीत चाप लावला. २०१९च्या जुलैत रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. त्यात जाहिरातीचा मोठा वाटा असल्याचं पुढे आलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने पहिल्या चोवीस तासांच्या विक्रमांतून आणि आपल्या म्युझिक चार्टमधून जाहिरातीचे व्ह्यूज वगळले. जाहिरात करणं गैर नव्हतं. जाहिरातीने मिळालेल्या आकड्याला लोकप्रियतेचा आकडा म्हणणं यूट्यूबला मान्य झालं नाही.

जाहिरात वेगळी आणि व्ह्यूज विकत घेणं वेगळं. ‘पाचशे रुपयांत दहा हजार व्ह्यूज’ असे मेसेज प्रत्येक गायकाच्या इनबॉक्समध्ये येतात. हे बनावट खात्यांचे किंवा यंत्राने फिरवलेले आकडे असतात. २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी बनावट फॉलोअर्स विकणारं रॅकेट उघडकीला आणलं, तेव्हा हा धंदा केवढा पसरला आहे ते लोकांना दिसलं. असे आकडे घेतले की आधी सांगितलेली यादी नासते, गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारा वितरक ते काढून टाकू शकतो आणि चॅनेलवर कारवाई होऊ शकते. पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. खोटा आकडा गायकाला खोटं सांगतो. लाख व्ह्यूज दिसत असताना यात्रेत चार माणसं गाणं ओळखत नाहीत, तेव्हा चांगला गायक स्वतःवरच शंका घ्यायला लागतो.

पैसे परत कुठून येणार, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. स्ट्रीमिंगमधून? स्पॉटिफायने २०२४पासून नियम केला की वर्षात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळणार नाही. तो टप्पा ओलांडला तरी सुरुवातीला मिळणारी रक्कम जाहिरातीच्या खर्चाजवळही पोचत नाही. इंग्रजीतले मार्गदर्शक बहुतेक वेळा जाहिरातीतून श्रोत्याला स्पॉटिफायवर न्यायला शिकवतात. आपल्याकडच्या गायकाला त्याने पोट भरता येत नाही. बीडच्या कलावंताचं उत्पन्न सुपारीतून येतं. लग्नाची हळद, जयंती, सप्ताह, उरूस, यात्रा, गणपती, नवरात्र, दुकानाचं उद्घाटन. म्हणून जाहिरातीवर दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल असा पर्याय ठेवावा. मेटावर तो आहे. समोरचा माणूस तारीख विचारतो, गायक दर सांगतो, बोलणी होतात.

आणि इथे उसाचं वेळापत्रक पुन्हा कामाला येतं. कोयते मार्च-एप्रिलला परततात. त्यानंतर लगेच लग्नसराई, चौदा एप्रिलची जयंती, गावोगावच्या यात्रा. या कार्यक्रमांचं ठरतं कधी? फडावर असतानाच. फेब्रुवारीत कोपीत बसलेला बाप पोरीच्या लग्नाचा विचार करत असतो, जयंती मंडळाची पोरं वर्गणीचं बोलत असतात, यंदा कुणाला बोलवायचं ते फोनवर ठरत असतं. त्या दिवसांत ज्याचं गाणं त्या फोनवर वाजलं त्याचं नाव निघतं. बीडच्या गायकाने वर्षभराचे जाहिरातीचे पैसे सारखे वाटू नयेत असं माझं ठाम मत आहे. मोठा हिस्सा जानेवारी-फेब्रुवारीसाठी राखून ठेवावा.

खर्चाचं गणित पुस्तकात पुढे येईल, पण एक-दोन गोष्टी इथेच सांगतो. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १,००० रुपयांची जाहिरात १,१८० रुपयांना पडते. पैसे यूपीआयने आगाऊ भरता येतात, कार्डाची गरज नाही. आगाऊ भरलेलेच बरे, कारण भरलेले संपले की जाहिरात थांबते. कर्ज काढून जाहिरात करू नये. आमच्या जिल्ह्याला उचलीचा अर्थ कुणी शिकवायला नको. पुढच्या सुपारीच्या भरवशावर सावकाराकडून पैसे घेऊन गाण्याला बूस्ट मारणं ही उचलच आहे, फरक इतकाच की मुकादम दिसत नाही. मागच्या कार्यक्रमाच्या हिश्श्यातला ठरलेला भाग जाहिरातीला, त्यापलीकडे एक रुपया नाही, अशी शिस्त असावी. आणि व्हिडिओवरचा खर्च कमी करावा. ड्रोन, भाड्याची गाडी, कोरिओग्राफर यांवर सगळे पैसे जातात आणि गाणं लोकांपर्यंत न्यायला हातात काही उरत नाही. गडाच्या पायऱ्यांवर बसून स्वच्छ आवाजात म्हटलेलं एक कडवं ड्रोनच्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळ ऐकलं जातं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

चालीचा प्रश्न नाजूक आहे. आपल्या भीमगीतांची, लोकगीतांची, भजनांचीही कितीतरी परंपरा गाजलेल्या सिनेगीतांच्या चालींवर उभी आहे. मैफलीत त्यात काही गैर वाटत नाही, श्रोता चाल ओळखतो आणि दाद देतो. पण जाहिरात लावली की यंत्रणा चाल ओळखते. गाणं मुकं होऊ शकतं, अडवलं जाऊ शकतं, किंवा कमाई मूळ कंपनीकडे जाते आणि जाहिरातीचा खर्च मात्र आपला. म्हणून ज्या गाण्यावर पैसे लावायचे त्याची चाल आपली असावी. पारंपरिक असेल तर वाद्यमेळ आपला असावा. आपली चाल असेल तर आयपीआरएसचं सदस्यत्व घ्यावं. १९६९पासून असलेली ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते, पण आपल्या भागातल्या शाहिरांपर्यंत तिची माहिती फारशी आलेली नाही.

दुसरी अडचण आशयाची. शेतकऱ्याची आत्महत्या, आरक्षण, जातीचा अन्याय, ऊसतोड कामगारांचे हाल हे आपल्या गाण्यांचे विषय आहेत, आणि असायलाच हवेत. राजकीय विषयांच्या जाहिरातींसाठी मेटाने भारतात २०१९पासून, आणि पुढे सामाजिक विषयांच्या जाहिरातींसाठीही, ओळखपत्राची तपासणी आणि ‘खर्च कोणी केला’ ही पाटी सक्तीची केली आहे. ती पूर्तता नसेल तर जाहिरात नाकारली जाते आणि गायकाला वाटतं की आपला आवाज मुद्दाम दाबला. पूर्तता करायला थोडे दिवस लागतात, म्हणून जयंतीच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करू नये. विषय बदलू नका, कागद आधी करून ठेवा.

बायकांच्या गाण्याबद्दल वेगळं प्रकरण आहे, आणि ते लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आमच्याकडे उत्तम गाणाऱ्या बायका आहेत. महिला भजनी मंडळांत त्या वर्षानुवर्षे गातात. जाहिरात म्हणजे अनोळखी माणसांसमोर चेहरा नेणं, आणि अनोळखी माणसं काय लिहितात ते सगळ्यांना माहीत आहे. एक घाणेरडी कमेंट दिराने वाचली की गाणं बंद होतं. इन्स्टाग्रामवर नको असलेले शब्द आधीच घालून ठेवता येतात, मग त्या शब्दांच्या कमेंट दिसत नाहीत. मराठवाड्यातल्या शिव्यांची यादी यंत्राला ठाऊक नसते, ती आपणच भरावी लागते. जाहिरात पाहणारे कोण असावेत हेही ठरवता येतं. फक्त बायकांना, फक्त पंचविशीपुढच्यांना दाखवून सुरुवात केली तर पहिला श्रोतावर्ग वेगळाच तयार होतो. खातं कुणाच्या हाती आहे हाही प्रश्न आहे. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर खातं असेल तर सुपारीचा फोन कुणाला येतो आणि दर कोण ठरवतं, याचा विचार आधी झालेला बरा.

गाण्याच्या रूपाबद्दल शेवटची थोडी चर्चा. पहिल्या तीन सेकंदांत पकडलं नाही तर श्रोता गेला, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. त्यावरून काहींनी चालीच तोकड्या करायला सुरुवात केली आहे. गवळणीला आलाप नको, पोवाड्याला नमन नको, थेट धमाका. मला हे मान्य नाही. गाणं पुरतं करावं आणि जाहिरातीसाठी त्यातला तुकडा निवडावा. जिथे हलगी चढते, जिथे संबळावर थाप पडते, जिथे कडव्याची शेवटची ओळ श्रोत्याच्या काळजाला हात घालते, ते अर्धं मिनिट उभ्या व्हिडिओत कापून जाहिरातीला लावावा. ज्याला ते भावलं तो पूर्ण गाण्यापर्यंत येतो, आणि आलेला माणूस नमनही ऐकतो. कुठला तुकडा चालतो हे आपल्याला कळतं असं धरून चालू नये. दोन-तीन तुकडे थोड्या पैशांत लावून पाहावेत. गायकाला ज्या जागेचा अभिमान असतो ती बहुतेक वेळा लोकांना लागलेली जागा नसते.

पुस्तकात पडद्यांची चित्रं कमी ठेवली आहेत, कारण कंपन्या बटणांच्या जागा सारख्या बदलतात. त्याऐवजी प्रत्येक निर्णय का घ्यायचा ते लिहिलं आहे. संगणकाची गरज नाही, सगळं मोबाइलवरून होतं. ज्यांना वाचण्यापेक्षा करून पाहायला आवडतं त्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणाकडे जावं, छोटी रक्कम भरून एक जाहिरात आठवडाभर चालवावी आणि मग मागे यावं. वाचताना एक वही जवळ ठेवावी. सुपारीचा जो फोन येईल त्याला एवढंच विचारावं की गाणं कुठे ऐकलं आणि तेव्हा कोणत्या गावी होता. उत्तर तारखेसह लिहून ठेवावं. ती पानं भरत गेली की तुमच्या गाण्याचा नकाशा तुमच्याच अक्षरात तयार होतो, आणि पुढच्या दिवाळीनंतर जाहिरातीत कोणत्या कारखान्यांचे तालुके घालायचे ते त्या नकाशावरून ठरवता येतं.